लाकडाखालचं नाव

आमच्या व्हर्लिनचं माझ्याआधी एका लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, प्रेम होतं आणि ते अजून टिकून आहे. ब्यूट शहरातल्या तांब्याच्या खाणीचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथला हा लेथ त्याने उचलला आणि गवताच्या गाडीवर घालून आमच्या खोऱ्यात आणला. मलाही त्याने त्याच उन्हाळ्यात आणलं. लेथच्या डोक्यावर छप्पर आधी आलं. आमच्या डोक्यावरचं पहिला बर्फ पडून गेल्यावर. चार माणसं जमली की मी हे सांगतेच, आणि तो दर वेळी म्हणतो, "लेथ गंजतो, आर्लिस. तू गंजत नाहीस." या माणसाच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे प्रेमपत्रच समजायचं.

व्हर्लिन रायफलींना नळ्या बसवतो. कोरी नळी दुसरा कोणी तरी करून पाठवतो: पोलादाचा लांब दांडा, त्याला आरपार भोक आणि भोकाला आतून पीळ. बाकी काही नाही. रस्त्यात पडलेली दिसली तर नळदुरुस्तीवाल्याच्या गाडीतून पाइप पडला असं वाटेल. तिला आटे पाडायचे, रायफलीच्या सांगाड्यात घट्ट बसवायची आणि मागच्या टोकाला काडतुसासाठी घर कोरायचं, हे व्हर्लिनचं काम. घर हाच शब्द आम्ही वापरतो. ते उथळ झालं तर बोल्ट, म्हणजे मागची सरकती खिटी, लागत नाही. खोल झालं तर काडतूस आत सैल बसतं, आणि सैल बसलेलं काडतूस एक दिवस नेमकं तुमच्या तोंडाजवळ आपला राग काढतं.

घर बरोबर झालं की नाही हे बघायला त्याच्याकडे दोन छोटी पोलादी मापं आहेत. एकाला आम्ही 'हो' म्हणतो, दुसऱ्याला 'नाही'. 'हो' आत ठेवलं की बोल्ट बंद झालाच पाहिजे. 'नाही' आत ठेवलं की बंद होता कामा नये. दोघांमध्ये फरक जाड कागदाएवढा. "आर्लिस माझं 'नाही'चं माप आहे," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो आणि ते हसतात. मी हसत नाही. मी नसते तर दुसरा लेथ बैठकीच्या खोलीत आला असता.

शिकारीला मात्र तो जात नाही. पाच भावांत धाकटा, गुरांच्या वाड्यात वाढलेला, तरी त्याला जनावर पडलेलं बघवत नाही. थंडीत एल्क हरणांचा कळप कुंपण मोडून आमच्या गवतावर ताव मारतो, तेव्हा हा खिडकीशी कॉफी पीत उभा राहतो. मी ओरडते, "अरे, गंज्या संपवतायत मेले!" तो म्हणतो, "त्यांनाही हिवाळा आहेच ना." त्याच्या नळ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्षानुवर्षं आपल्या शीतपेट्या भरल्या आहेत, आणि हा बीन्सवर खूश.

त्याचा मित्र एकच. डेल्मर. ओढ्यापलीकडे राहायचा आणि कोऱ्या नळ्या करायचा. म्हणजे एक जण भोक पाडणार, दुसरा घर कोरणार, अशी जोडी. दोघं एकमेकांना भेटले की बोलत नसत. डेल्मर यायचा, नळी बाकावर ठेवायचा, डोनट खायचा आणि जायचा. "काय म्हणाला डेल्मर?" मी विचारायचे. "बरंच काही," व्हर्लिन म्हणायचा. मी खिडकीतून सगळा वेळ बघत असायचे. दोघांपैकी कोणाचे ओठ डोनटखेरीज कशासाठी हललेले नसायचे.

त्या दोघांचा एक नियम होता. नळीवर आपलं नाव ठोकायचं ते खालच्या बाजूला, दस्त्याच्या लाकडाखाली झाकलं जाईल असं. बाहेरून कोणाला दिसता कामा नये. रायफल तिच्या मालकाची. आपलं नाव फक्त पुढच्या कारागिरासाठी, जो कधी तरी लाकूड उतरवेल आणि म्हणेल, अच्छा, हा बाबा होता होय. डेल्मर या नियमाबाबतीत तर धर्मगुरूपेक्षा कडक. त्याच्या नळ्यांनी लोकांनी चषक जिंकले, वर्तमानपत्रात फोटो आले, आणि हा सामन्याला गेलाच तर मागे गाड्यांच्या रांगेत उभा असायचा, टोपी कपाळावर ओढून.

आता त्याची बायको ओलेटा. माझी मैत्रीण, शाळेची बस चालवायची, आणि खोऱ्यातली सगळ्यात पक्की नेमबाज. लांबच्या निशाण्यावर तिच्याशी पैज लावायला पुरुष माणसं दोनदा विचार करत. पण इतकी वर्षं ती नेम धरायची तो दुसऱ्याच्याच नळीने. का? तर डेल्मरच्या दुकानात गिऱ्हाइकांची रांग, आणि बायको रांगेत सगळ्यात शेवटी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. "तुझी पुढच्या महिन्यात," तो म्हणायचा. कोणत्या पुढच्या महिन्यात, हे ओलेटाने विचारायचं सोडून दिलं होतं.

अखेर त्याने केली. चांगलं पोलाद बाजूला काढून ठेवलेलं होतं म्हणे, तिच्यासाठीच. नळी झाली, हाताने घासून आरशासारखी केली, खाली आपलं नाव ठोकलं, आणि त्याच आठवड्यात दुकानाच्या उंबऱ्यावर बर्फ झाडता झाडता बसला तो उठलाच नाही. फेब्रुवारीत जमीन इतकी गोठलेली की थडगं खणायला यंत्र आणावं लागलं. व्हर्लिनने शवपेटीला खांदा दिला आणि घरी येऊन लेथला तेल घातलं. त्या दिवशी लेथला तेलाची गरज नव्हती.

वसंतात ओलेटा बस घेऊन आमच्या दारात आली. मुलं उतरवून झाली होती. डेल्मरच्या जुन्या फ्लॅनेलच्या सदऱ्यात गुंडाळलेली ती नळी तिने व्हर्लिनच्या हातात दिली.

"तूच कर," ती म्हणाली. "घाई नाही."

ते 'घाई नाही' आमच्या ह्याने असं धरून ठेवलं की विचारू नका. नळी दुकानात दारामागच्या कोपऱ्यात उभी राहिली, सदऱ्यासकट. वर्ष गेलं. आणखी वर्षं गेली. मधल्या काळात त्याने किती तरी नळ्या केल्या, धर्मगुरूच्या, दातांच्या डॉक्टरच्या, एका सिनेमावाल्याच्या. ओलेटाची तिथेच. मी विचारलं की कारण तयार. पोलादाला मुरू द्यावं लागतं. घर कोरायच्या रीमरची धार बघायला हवी. या महिन्यात हवा फार कोरडी आहे. मी म्हटलं, "व्हर्लिन, लोणचं आहे की नळी?" त्याने लेथ सुरू केला.

कारण मला ठाऊक होतं. डेल्मरने केलेली ती शेवटची नळी. बिघडली तर दुसरी करून देणारं जगात कोणी नव्हतं. आणि जोपर्यंत ती कोपऱ्यात कोरी उभी होती तोपर्यंत, माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तरी, डेल्मरचं काम अजून चालू होतं.

यंदाच्या एप्रिलमध्ये ओलेटा आली ती बसने नाही. तिची पुतणी तिला गाडीने आमच्या दारात आणून सोडून गेली. स्वयंपाकघरात बसली, कॉफीत साखर घालताना चमचा कपाच्या बाहेर आपटला. मी फडक्याने साखर पुसली. तीच बोलली.

"नजरेच्या मधोमध डाग पडायला लागलाय, आर्लिस. तुझं नाक दिसत नाही, कान दिसतात."

"कान बरे आहेत माझे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"बस बंद केली त्यांनी माझी. बरोबरच आहे. रायफलीवरच्या दुर्बिणीतून उजव्या डोळ्याला अजून चिकार दिसतं. डॉक्टर म्हणतो, या उन्हाळ्यापर्यंत. पुढच्याचं सांगता येत नाही." मग तिने दाराकडे तोंड वळवून दुकानापर्यंत जाईल अशी हाक मारली, "व्हर्लिन! ऑगस्टच्या सामन्यात मला डेल्मरच्या नळीने नेम धरायचाय. आता घाई आहे!"

व्हर्लिन हात पुसत दारात आला. खाली बघत म्हणाला, "ऐकलं."

"ऐकलंस ते गेल्या खेपेलाही. या खेपेला कर."

तर असं. कोरी नळी एकच आणि उन्हाळाही एकच राहिलेला.

दुसऱ्या दिवशी त्याने सदरा सोडला, घडी घालून फळीवर ठेवला, आणि नळी लेथवर चढवली. नळीतलं भोक बाहेरच्या अंगाच्या अगदी मधोमध कधीच नसतं, कितीही मोठ्या कारागिराची असो. म्हणून ती नुसती पकडून चालत नाही. चार स्क्रूंनी जरा इकडे, जरा तिकडे सरकवत बसायचं. मापाच्या डायलचं बोट भोकात घातलेलं, आणि नळी फिरत असताना काटा जागचा हलता कामा नये. व्हर्लिनला एरवी याला सकाळ पुरते. यावेळी तीन दिवस लागले. काटा केव्हाच थांबला होता, हा थांबत नव्हता.

"हलतोय का अजून?" मी सँडविच घेऊन गेले तेव्हा विचारलं.

"नाही."

"मग?"

"हलेल की काय, बघतोय."

नंतर आटे पाडले. सांगाडा नळीवर फिरवून बघितला, लोण्यासारखा चढला. नळीचा खांदा, म्हणजे आट्यांच्या मुळाशी जी पायरी असते आणि जिथे सांगाडा येऊन टेकतो ती, त्याने अशी कातली की आवळल्यावर डेल्मरचं नाव बरोबर तळाला येऊन थांबेल. लाकडाखाली. नियमाप्रमाणे. मला बोलावून दाखवलं. मला काय कळतंय त्यातलं, पण तो शाळेतल्या मुलाने वही दाखवावी तसा उभा होता, म्हणून मी म्हटलं, "छान."

मग घर कोरायचा दिवस. रीमर नळीत ढकलायचा, थोडासा कोरायचा, बाहेर काढायचा, कीस पुसायचा, तेल लावायचं, परत. मध्येमध्ये सांगाडा चढवून 'हो' आत ठेवून बोल्ट लावून बघायचा. व्हर्लिन हे करताना गुणगुणतो, चर्चमधलं एकच गाणं, त्यातलंही एकच कडवं. त्या दिवशी गुणगुणणं ऐकू येईना. मी अंगणात चादरी वाळत घालत होते. दुकानाची खिडकी उघडी होती आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. मला वाटलं गिऱ्हाईक आलं. गाडी तर दिसत नव्हती. मी चिमटे तोंडात धरून जवळ गेले.

हा डेल्मरशी बोलत होता. ज्या माणसाशी जिवंतपणी डोनटखेरीज बोलणं झालं नाही त्याच्याशी! "गोड कापतंय रे," म्हणत होता. "कुठे खरखर नाही की काही नाही. एवढं चांगलं पोलाद कुठून काढलंस? आम्हाला कधी बोलला नाहीस. ओढ्याला पाणी बरं आहे यंदा. तुझी ओलेटा मानत नाही कोणाचं, तुला माहीतच आहे." असं कितीतरी. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. चादरी तशाच टाकून मी आत गेले, कारण नवऱ्याचं असं खासगी बोलणं खिडकीतून ऐकू नये.

जेवणाची वेळ झाली, हा येईना. मी बोलवायला गेले तर स्टुलावर बसलेला. समोर बाकावर दोन्ही मापं. चेहरा पांढराफटक.

"काय झालं? हात कापलास?"

त्याने मान हलवली. 'नाही'चं माप उचललं, माझ्यादेखत घरात ठेवलं, बोल्ट पुढे सारला आणि खाली दाबला. बोल्ट बंद झाला. आवाजसुद्धा केला नाही मेल्याने, अगदी सहज.

"बंद व्हायला नको ना?" मी म्हटलं.

"नको."

"मग झाला कसा?"

व्हर्लिनने बोट पुढे केलं. त्यावर पोलादाचा एक कीस चिकटलेला, नखाच्या कडेएवढा. तेलाने तो 'हो'च्या मापाला चिकटून बसला होता. माप दर वेळी पुसायचं, घर दर वेळी पुसायचं. हे तो सगळ्या जगाला शिकवतो, भिंतीवरसुद्धा लिहून ठेवलंय त्याने. या खेपेला बोलता बोलता घर पुसलं आणि माप पुसायचं राहिलं. त्या किसामुळे माप जरा लांब झालं. बोल्ट लागेना. याला वाटलं घर उथळ आहे, अजून कोरलं. तरी लागेना, अजून कोरलं. मग कीस आपोआप गळून पडला.

"बोलत होतो मी," तो म्हणाला. "कामावर कधी बोलत नाही, आर्लिस. आजच बोललो."

"नळी गेली का?"

"गेली नाही." पण तो असा म्हणाला की गेली असती तर बरं, असं वाटावं. "खांद्यावरून थोडं कातलं की नळी आणखी आत शिरेल, घर परत बरोबर होईल. होईल ते. पण..."

पण काय ते मला त्याने कोबीच्या लोणच्याच्या बरणीवर समजावून सांगितलं. बरणीचं झाकण पाव फेरा जास्त आवळलं की झाकणावरचं चित्रही पाव फेरा फिरतं. नळी आत शिरणार ती फिरत फिरतच. म्हणजे डेल्मरचं नाव तळाला राहणार नाही. ते उजव्या बाजूला वर येणार, लाकडाच्या काठाबाहेर, सगळ्या जगाला दिसेल असं.

"मग आणखी फिरव की पाऊण फेरा. परत खाली जाईल."

"जाईल. तेवढं आणखी कातावं लागेल. मग घर उथळ होईल, ते परत कोरावं लागेल." त्याने हात मांडीवर ठेवले. "रीमर परत घालायचा त्यात."

आयुष्यभर या माणसाने नळ्या केल्या आणि मी त्याला घाबरलेला त्या दिवशी पाहिला. मला त्याची इतकी माया आली की मी रागावलेच. "आधी जेव," मी म्हटलं. "सूप गार झालं तर तेही तुझ्याच डोक्यावर."

दुपारी त्याने खांदा कातला. घर बरोबर झालं: 'हो' म्हटलं की हो, 'नाही' म्हटलं की नाही. सांगाडा आवळून त्याने रायफल ओलेटाच्या अक्रोडाच्या दस्त्यात नुसती बसवून बघितली, आणि व्हायचं तेच झालं. लाकडाच्या काठावर उजवीकडे, उन्हात, डेल्मरचं नाव. व्हर्लिन म्हणाला, "सोमवारी परत उतरवतो. पाऊण फेरा." पण त्याआधी ओलेटाला सांगायचं त्याने ठरवलं. मी म्हटलं, गरज काय, तिला कळणार आहे का? तो म्हणाला, डेल्मरला कळलं असतं.

रविवारी चर्चनंतर ओलेटा आमच्याकडे आली. व्हर्लिनने तिला दुकानात नेलं, टोपी काढली आणि सगळं सांगितलं, किसापासून बरणीपर्यंत. मी त्याला एका दमात इतकी वाक्यं बोलताना लग्नाच्या शपथेनंतर प्रथमच ऐकलं.

ओलेटाने ऐकून घेतलं. "म्हणजे तू माझ्या नवऱ्याशी गप्पा मारत होतास, म्हणून चूक झाली?"

"हो."

"माझ्याशी तो कामाच्या वेळी कधी बोलला नाही. तुला बरा सापडला." मग म्हणाली, "दे इकडे."

त्याने रायफल तिच्या हातात दिली. तिने ती नेहमीसारखी तोलली, डावा हात लाकडाखाली. नाव कुठे आहे हे तिला दिसत नव्हतं. मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने शोधत होती ते मी बघितलं. मग उजवा अंगठा नळीवरून सरकला आणि थांबला. तिथेच राहिला. परत मागे गेला, परत पुढे आला, एकेका अक्षरावरून, हळू.

"सोमवारी खाली नेतो ते," व्हर्लिन म्हणाला. "थोडंच कातायचंय. नियम आहे आमचा."

"नाही."

"ओलेटा, त्यालाच आवडलं नसतं."

"त्याला पुष्कळ काय काय आवडत नसे. सामन्यात टाळ्या आवडत नसत, वाढदिवसाचा केक आवडत नसे. तो लाकडाखाली राहिला सगळा जन्म, व्हर्लिन. आता तर त्याहून खाली आहे." तिचा अंगठा अजून नावावरच होता. "हे मला वाचता येतंय. चर्चमधलं भजनाचं पुस्तक येत नाही, औषधाची बाटली येत नाही. हे येतंय. तू हात लावून बघ, लेथ फोडीन तुझा."

व्हर्लिनने माझ्याकडे बघितलं. मी त्याचं 'नाही'चं माप ना? मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? बोल्ट बंद झाला. मी नाही अडवणार."

मग त्याने टोपी परत डोक्यावर घातली आणि स्टुलावर बसला. ओलेटाने विचारलं, "तुझं नाव कुठाय?"

"खाली, सांगाड्यावर. लाकडाखाली."

"राहू दे तिथेच. चूक करणाऱ्याने लपूनच बसावं." आणि दोघंही हसायला लागले, इतके की मला आत जाऊन पाणी आणावं लागलं.

ऑगस्टच्या सामन्याला व्हर्लिन आला, स्वतःहून, आणि मागे गाड्यांच्या रांगेत उभा राहिला. डेल्मर उभा राहायचा तिथेच. सकाळी हवा शांत होती. ओलेटाच्या पुतणीने तिला कागदी निशाण कुठल्या खांबावर आहे ते सांगितलं. पुढचं तिचं तिने दुर्बिणीतून बघितलं. तिच्या पाचही गोळ्या कॉफीच्या बशीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ पडल्या, एवढ्या लांबवर. पहिला नंबर नाही आला. तो पलीकडच्या खोऱ्यातल्या गुरांच्या डॉक्टरचा. "त्याचे डोळे बैलाचे आहेत," ओलेटा म्हणाली आणि त्याच्याच थाळीतला बटाटा उचलून खाल्ला. दुसरा नंबर मात्र तिचा.

लोक रायफल बघायला जमले. एरवी कोणाची नळी म्हणून विचारावं लागतं. यावेळी विचारायला लागत नव्हतं. एक एक जण वाकायचा, वाचायचा आणि टोपीला हात लावायचा. व्हर्लिन मागून बघत होता. मी त्याच्या शेजारी होते. "दिसतंय फारच," तो पुटपुटला. पण तो चेहरा मी ओळखते. लेथ गवताच्या गाडीवर चढवल्यानंतरचा तो चेहरा होता.

आता बर्फ पडलाय. ओलेटाच्या उजव्या डोळ्यातही डाग मधोमध आलाय आणि रायफल तिच्या दाराजवळच्या खुंट्यांवर आहे. दर गुरुवारी आम्ही तिच्याकडे जातो. गेल्या वेळी मी गरम अ‍ॅपल पाय नेला होता. ती शेगडीपाशी बसली होती, रायफल मांडीवर आडवी, रिकामी, आणि अंगठा नेहमीच्या जागी. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसासारखी, सवयीने.

व्हर्लिनने ते बघितलं. इतके महिने ते त्याच्या पोटात होतं, शेवटी बाहेर आलंच.

"वाकडं आलंय ते, ओलेटा," तो म्हणाला.

"तोही वाकडाच होता," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, काप तो अ‍ॅपल पाय, गार होतोय.